पंखाईचा भाला

माळखडीच्या दूध सोसायटीसमोर त्या मंगळवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. दुधाचे कॅन उन्हात तसेच उभे होते. ते वडवणीला न्यायची गाडी फाटकात अडकून पडली होती आणि तिचा ड्रायव्हर सुग्रीव टपावर मांडी घालून बसला होता, कारण खालून त्याला चमत्कार दिसला नसता.

चमत्कार सोसायटीच्या दारातल्या ताडाला व्हायचा होता. बुटका ताड, पंख्यासारखी रुंद चुणीदार पानं, शेंडा माणसाच्या छातीला लागेल एवढा. शेंड्याच्या मधोमध एक न उमललेलं पान उभं होतं, घट्ट मिटलेलं, भाल्याच्या पात्यासारखं. झाडाला हिरवं लुगडं नेसवलं होतं, बुंध्याला शेंदूर फासला होता आणि शेजारच्या पाटावर पंखेवाले महाराज उभे होते. अंगावर भगवी कफनी, डोळ्यांत सुरमा, हातात त्याच झाडाच्या पानाचा पंखा.

"माय-माउल्यांनो," महाराज बोलू लागले, "अवघं रान करपलं. लिंब करपला, बाभळ करपली. ही एकटी हिरवी कशी? कारण हे झाड न्हाई. हा पंखाईचा हात हाय, भुईतून वर आलेला. ह्या हातात आईनं भाला धरलाय. पैला भाला आई देईल तवा गावातली रोगराई जाईल. दुसरा देईल तवा पाऊस पडंल. आईनं काल कौल दिला. आज ती भाला देणार."

महाराजांनी डोळे मिटले. ओठ पुटपुटले. मग त्यांनी उजव्या हाताची दोनच बोटं उचलली, लोकांना फिरवून दाखवली, त्या पानाला लावली आणि वर उचलली. पान सुळकन बाहेर आलं. तुपातून सुरी निघावी तसं.

सगळं अंगण जमिनीला टेकलं. सगळ्यात आधी टेकला तो धोंडीराम पैलवान. त्याचं कारण होतं. होळीच्या सुमारास महाराज गावात आले तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी पैलवानाला बोलावून सांगितलं होतं, "वड हा भाला. निघाला तर मी गाव सोडतो." पैलवानानं पाय रोवून ओढलं, दोन्ही हातांनी ओढलं, देठाच्या काट्यांनी त्याची मनगटं सोलून निघाली. पान तसूभर हललं नाही. त्याच दिवशी महाराजांचा मुक्काम सोसायटीच्या ओसरीवर पडला आणि रोज सकाळी शेंड्यावर दुधाचा अभिषेक सुरू झाला.

हे सगळं शेजारच्या शाळेच्या भिंतीवरून बिभीषण गुरुजी बघत होते. भिंतीवर त्यांच्या दोन्ही बाजूंना चौथीपर्यंतची सगळी शाळा हनुवट्या टेकून उभी होती. गुरुजींचं लक्ष महाराजांच्या दोन बोटांकडे नव्हतं. ते उपसलेल्या पानाच्या खालच्या टोकाकडे बघत होते. टोक पांढरं, करकरीत असायला हवं होतं. ते तपकिरी होतं आणि त्यातून काहीतरी ओघळत होतं. महाराजांनी ते झटकन लाल फडक्यात गुंडाळलं, तेवढ्यात वाऱ्याची झुळूक भिंतीकडे आली. पोरांनी नाकं दाबली.

"आईचा दरवळ," तिकडून महाराज म्हणाले. "नास्तिकाला वास येतो, भक्ताला दरवळ येतो."

गावात तरुण माणूस दिसतच नव्हतं. ऊसतोडीला निघालेल्या नवरा-बायकोच्या जोडीला या भागात कोयता म्हणतात, आणि माळखडीचे कोयते अजून कारखान्यावरून परतले नव्हते. मागं उरली होती म्हातारी माणसं आणि त्यांच्या गळ्यात पडलेली नातवंडं. अशा गावात बुवा येतो तो वाट चुकून येत नाही.

सोसायटीचे चेअरमन आसाराम महाराजांवर खूश होते. महाराज यायच्या आधी लोक सोसायटीच्या दारात यायचे ते चाऱ्याची विचारपूस करायला. जनावरांसाठी मंजूर झालेला कडबा कुठं अडला, असं रोज कोणीतरी विचारायचं. आता तेच लोक त्याच दारात येऊन हात जोडत होते. चेअरमनला आणखी काय हवं होतं? अभिषेकाचं दूध सोसायटीचं, ओसरी सोसायटीची. शेंड्यात दूध ओतणं सुरू झालं तेव्हा गुरुजींनी आसारामला बजावलं होतं, "चेअरमनसाहेब, झाड मरेल. पाणी मुळाशी घालतात, डोक्यात नाही." आसाराम हसून म्हणाले होते, "गुरुजी, तुमी पाढे शिकवा."

दर्शनाची रांग लागली. रांगेत सगळ्यात पुढं भिवराबाई होती. तिच्या खांद्यावर तिचा नातू सिदू, दोन वर्षांचा. त्याचे आईबाप कारखान्यावर. पोरगं मान टाकून नुसतं लोंबत होतं. रडतही नव्हतं.

"म्हाराज, हगवण थांबंना," भिवराबाई म्हणाली. "तुमी दिलेलं तीर्थ पाजते. रातचं लई येळा झालं."

तीर्थ म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. शेंड्यात ओतलेलं दूध-पाणी पानांच्या बेचक्यांतून झिरपत खाली यायचं आणि बुंध्याशी ठेवलेल्या पितळी पातेल्यात साठायचं.

"आईनं भाला दिला की न्हाई?" महाराज म्हणाले. "आता रोग निघाला म्हणून समज. तीर्थ वाढव. आणि एक ध्यानात ठेव, दुसरा भाला निघंस्तोवर लेकराला शिवंबाहेर न्यायचं न्हाई. शीव वलांडली की आईचा हात सुटला."

गुरुजी भिंतीवरून उतरले आणि गर्दीतून वाट काढत भिवराबाईपाशी गेले. त्यांनी सिदूच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच वर राहिली, ओल्या फडक्याची चुणी राहते तशी. डोळे खोल गेले होते. जीभ कोरडी होती.

"भिवरामावशी, पोराच्या अंगातलं पाणी संपलंय. गाडी इथंच उभी आहे. आत्ता वडवणीच्या दवाखान्यात चला. मी येतो बरोबर."

"म्हाराज न्हाई म्हंतेत."

"महाराज डॉक्टर आहेत का?"

"गुरुजी, तुमी शिकलेले हायसा, मी काय बोलू? पन पैलवानाला दोन हातानं निघाला न्हाई, म्हाराजाला दोन बोटानं निघाला. म्या ह्या डोळ्यांनी बघितला. त्यो खोटा का? लेकाचं पोरगं हाय माझ्याजवळ ठेवलेलं. आईचा हात सुटला आन् काय झालं, तर लेकाला कोन्तं तोंड दावू?"

गुरुजींना कळलं की इथं दवाखान्याचं, औषधाचं कितीही बोललं तरी उपयोग नाही. ही बाई अडाणी नव्हती. तिनं डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर भरवसा ठेवला होता. तो भाला जोवर खरा, तोवर सिदू शिवेच्या आत. आणि कॅन गाडीत चढले की गाडी निघून जाणार होती. दुसरं वाहन गावात नव्हतं.

ते टपाकडे बघून म्हणाले, "सुग्रीव, मी सांगेपर्यंत गाडी हलवू नकोस."

"दूध नासंल, गुरुजी."

"नासू दे."

मग ते महाराजांकडे वळले आणि वर्गात पोरांना विचारावं तितक्या शांतपणे म्हणाले, "महाराज, दुसरा भाला कधी?"

"आई कौल देईल तवा."

"कौल कसा मिळतो?"

"ते भक्तीचं गुज हाय. तुमाला काय सांगायचं? नावच बिभीषण. घरचा भेद सांगणारा."

लोक हसले. गुरुजीही हसले. "बिभीषण खोटं बोलला असं मात्र कोणी म्हणत नाही," ते म्हणाले. "कौल कसा मिळतो ते माझ्या पोरांना ठाऊक आहे. जाई, सांग गं."

भिंतीवरून पहिलीतली जाई म्हणाली, "म्हाराज रोज सकाळी भाल्याला कुकू लावतेत. लावताना जरा वडून बघतेत. काल वडलं तवा हाललं. मग ते हसले. मग कौल आला."

अंगणात खसखस पिकली. आसाराम पुढं झाले. "गुरुजी, लेकरांच्या तोंडून देवाची टवाळी करू नका. लोकं चिडतील."

"टवाळी नको, चेअरमनसाहेब. आपण कामच करू. दुसरा भाला निघाला की पाऊस पडायचा आहे ना? मग उशीर कशाला? बघा, त्याच शेंड्यात लागून दुसरं अर्धवट उमललेलं पान आहे. जाई, इकडे ये. ते दोन बोटांनी वर उचल. काट्यांना हात लावू नकोस."

"हात लावायचा न्हाई," महाराज गरजले आणि आडवे आले.

धोंडीराम पैलवान उठून उभा राहिला. तो कुणाच्या बाजूनं उभा राहिला ते कोणाला कळेना. "बघू द्या की, म्हाराज," तो म्हणाला. "पोरगी सहा वर्साची. माझ्याच्यानं झालं न्हाई, तिच्याच्यानं काय व्हतंय? तुमाला भ्या कशाचं?"

महाराजांना बाजूला सरावं लागलं. गुरुजींनी जाईला कडेवर उचललं. तिनं दोन बोटं पुढं केली, पानाला धरलं आणि वर घेतलं. पान सुळकन तिच्या हातात आलं. तिनं वास घेतला आणि तोंड वाकडं करून ते लांब धरलं.

मग महाराजांनी एकदम कडेवरच्या जाईचे पाय धरले.

"आई आली. कुमारीच्या अंगात पंखाई आली. माउली, दर्शन दे."

बुवाबाजीचा धंदा असाच असतो. भिंत पाडली तर तो दगड गोळा करून त्याचंच देऊळ बांधतो. दोन-चार बायका जाईच्या पाया पडू लागल्या. जाई घाबरून गुरुजींच्या मानेला बिलगली.

"असं आहे होय," गुरुजी म्हणाले. "देवी हिच्या अंगात आहे. चला मग शाळेत. तिथं याच ताडाचा जोडीदार आहे. सोसायटी निघाली तेव्हा दोन्ही रोपं एकाच दिवशी आणली, एक इथं लावलं, एक तिथं. देवीनं तिथला भालाही काढावा."

गर्दी भिंतीच्या पलीकडे वळली. शाळेतला ताड अंगणाच्या कोपऱ्यात होता, तेवढाच उंच, तेवढाच हिरवा. बुंध्याला शेंदूर नव्हता, शेंड्यात दूध नव्हतं. मुलांनी हात धुतलेलं पाणी चरातून त्याच्या मुळाशी जायचं, तेही माती कोरडी झाल्यावरच. वाळलेलं पान तेवढं कापायचं, हिरव्याला कोयता लावायचा नाही, शेंड्यात थेंब पडू द्यायचा नाही. एवढीच त्याची निगा, आणि ती पोरांना पाढ्यांइतकी पाठ होती.

जाईनं दोन बोटांनी ओढलं. मग चार बोटांनी. मग दोन्ही हातांनी लोंबकळली. पान ढिम्म.

"आईनं सोडलं तिला," महाराज घाईनं म्हणाले. "हितं सोवळं न्हाई."

"लई येरझाऱ्या करती तुमची आई," मागून एक म्हातारा म्हणाला. "यस्टीवानी." या वेळी गर्दी मोकळेपणानं हसली.

गुरुजी हसले नाहीत. त्यांना फाटकातली गाडी दिसत होती आणि भिवराबाईच्या खांद्यावरची ती लोंबती मान दिसत होती. जाईनं सोसायटीत काढलेलं आणि आता खाली टाकलेलं पान त्यांनी उचललं आणि धोंडीरामापुढं धरलं.

"पैलवान, तुमच्या घरी ज्वारी कधीपासून पिकते?"

"आज्याच्या आज्यापास्नं."

"ज्वारीचं रोप गुडघ्याएवढं असताना मधला पोंगा धरून ओढला आणि तो सुळकन हातात आला, तर तुम्ही काय म्हणता? देवीनं दिला म्हणता?"

पैलवानानं पान हातात घेतलं. त्यानं पानाचं टोक बोटांनी चिरडलं, नाकाशी नेलं, पुन्हा नेलं. मग त्यानं ते शेजारच्या म्हाताऱ्याकडे दिलं. म्हाताऱ्यानं हुंगलं आणि पुढच्याला दिलं. टोक हातोहात फिरू लागलं. शेतात सगळा जन्म काढलेली माणसं ती. हा वास त्यांच्या ओळखीचा होता. प्रत्येकाला तो ठाऊक होता, फक्त शेंदराच्या आड कोणी त्याला ओळख दिली नव्हती.

"पोंगेमर," पैलवान शेवटी म्हणाला. "खोडमाशी लागली की पोंगा बुडातून सडतो. वरनं हिरवा दिसतो. वडला की येतो."

"आणि वास?"

"असाच."

"तिथं माशीच्या अळीनं सडतो. इथं दुधानं सडला," गुरुजी म्हणाले. "होळीला ओढलात तेव्हा पोंगा जिवंत होता, म्हणून निघाला नाही. जिवंत पोंगा तुमच्या बापालाही निघाला नसता. नंतर रोज त्याच्या बुडाशी दूध साचत गेलं, आंबलं, कुजलं. हे महाराज रोज कुंकवाच्या निमित्तानं हलवून बघत होते. सैल झाला त्या दिवशी कौल आला. यात देवीचं काही नाही. झाड मेलं, एवढाच त्याचा अर्थ. दुष्काळात हे हिरवं कसं राहिलं, असं महाराज विचारतात. कॅन धुतलेलं पाणी रोज याच्या मुळाशी जातं, म्हणून राहिलं. त्या पाण्यानं जगवलेलं झाड यांच्या भक्तीनं मारलं."

आसाराम म्हणाले, "एवढं कळतंय तर शेंडा छाटून टाकू. खोडव्यावानी फुटंल परत."

"ऊस फुटतो, चेअरमनसाहेब. ताडाला एकच पोंगा असतो. तो गेला की सगळं गेलं."

मग गुरुजी भिवराबाईकडे वळले. आवाज त्यांनी मुद्दाम खाली आणला. "मावशी, त्या पातेल्यातलं तीर्थ म्हणजे याच सडक्या पोंग्यातून गळलेलं पाणी. तेच तुम्ही पोराला पाजताय."

भिवराबाईनं हात पुढं केला. पानाचं ते टोक फिरत फिरत तिच्यापर्यंत आलं होतं. तिनं ते हुंगलं. मग पदरानं सिदूचं तोंड पुसलं. आत काही राहिलं असेल तर निघावं, अशा रीतीनं पुन्हा पुन्हा पुसलं. महाराजांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"गाडी कुटं हाय?" ती म्हणाली.

गाडीपाशी पोचले तर पुढच्या सीटवर महाराज आधीच बसलेले. पंखा मांडीवर, बोचकं पायांशी. सगळ्यांचं लक्ष भिवराबाईकडे असताना ते कधी सटकले ते कोणाला कळलं नव्हतं.

"मला तातडीनं चौसाळ्याला बोलावणं हाय," ते सुग्रीवला म्हणाले.

"तिथं बी ताड हाय का?" सुग्रीवनं विचारलं. "उतरा. लेकरू बसतंय."

"अरे, शाप लागंल."

"दोन बोटानं उतरवू का दोन हातानं?"

महाराज उतरले. ते बोचकं काखेत मारून पायी माळाकडे निघाले. पोरं त्यांच्या मागं शिवेपर्यंत गेली. कोणी दगड उचलायचा नाही, असं गुरुजींनी गाडीत चढतानाच बजावलं होतं. आसाराम मात्र तिथून निसटू शकले नाहीत. गर्दी तशीच सोसायटीच्या दारात उभी होती, फक्त आता कोणाचे हात जोडलेले नव्हते, आणि धोंडीराम कडब्याची विचारणा करत होता.

वाटेत गुरुजींनी शाळेतून घेतलेल्या उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून सिदूला चमच्या-चमच्यानं पाजलं. वडवणीला डॉक्टरांनी कातडी चिमटीत धरली आणि लगेच सलाईन लावलं. "संध्याकाळी आणलं असतं तर उपयोग नव्हता," एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी सिदू रडला. चांगला खच्चून रडला. भिवराबाई भिंतीला टेकून ते ऐकत राहिली. पोरगं रडतंय म्हणून सुखावलेली आजी त्या वॉर्डात पहिल्यांदाच दिसली असेल असंही नाही. दुष्काळाचं वर्ष होतं.

सिदू घरी आला त्यानंतर गुरुजींनी सोसायटीतला मेलेला ताड कापून घेतला. शेंडा त्यांनी शाळेच्या अंगणात मधून उभा चिरला आणि मुलांना गोल बसवून दाखवला. कुठं पांढरा गर संपतो, कुठं तपकिरी सुरू होतो, कुठं काळा चिखल होतो. प्रत्येकानं बोट लावून बघायचं, हुंगायचं आणि मगच बोलायचं, असा नियम होता. मोठी माणसंही भिंतीवर येऊन उभी होती. भिवराबाई सिदूला घेऊन आत आली आणि मुलांच्या मागं जमिनीवर बसली.

"गुरुजी," ती म्हणाली, "ज्वारीचं मला ठावं व्हतं. लहानपनापास्नं खुरपते. किती पोंगे वडले असतील. मंग हितं कावून ध्यानात आलं न्हाई? मी काय येडी हाय का?"

"मावशी, तुम्ही वेड्या असतात तर वास ओळखला नसतात," गुरुजी म्हणाले. "शेतात रोप वाळलं की तुम्ही वाकता, उपटता, चिरून बघता, शेजारणीला विचारता. तिथं तुम्हाला कोणी दम देत नाही. इथं त्यानं सांगितलं, लांबून बघा, विचारू नका, विचाराल तर पोराला शाप लागेल. पोरगं मधे घातलं की भलं शहाणं माणूस गप्प बसतं. त्याला ते ठाऊक होतं."

ते मुलांकडे वळले. "म्हणून नीट ऐका. जो माणूस हात लावू देत नाही, वास घेऊ देत नाही, प्रश्न विचारला की शाप देतो, त्याच्याजवळ लपवायला काहीतरी आहे असं समजायचं. त्याला राग येईल म्हणून विचारायचं थांबायचं नाही. आणि माणूस आजारी पडला की आधी दवाखाना. नवस, कौल, सगळं त्याच्यानंतर, आणि तोवर त्याची गरजही उरणार नाही."

भिवराबाईनं सिदूला मांडीवरून उतरवलं. तो लुटुलुटु चालत पुढं गेला आणि चिरलेल्या शेंड्याकडे हात नेऊ लागला. तिनं त्याला मागं ओढलं नाही.

"बघू द्या त्याला," ती म्हणाली. "फकस्त तोंडात घालू देऊ नका."